छत्तीस मापं आणि कार्डावरचा शेवटचा रकाना

आमच्या दवाखान्यातल्या छत्तीस जणांचे युनिफॉर्म सोलापुरातल्या या शिवणाच्या दुकानात शिवून घेतले, त्याला आता सात महिने झाले. नव्या कपड्याचं कौतुक पहिल्या आठवड्यात कुणीही करतं. रोज गरम पाण्यात धुतल्यावर शिवण टिकते का, रंग राहतो का, घालणारा माणूस कुरकुरतो का, हे बघायला मी मुद्दाम थांबले.

दुकान पूर्व भागात, अशोक चौकाकडून आत वळल्यावर आहे. पाटी जुनी झालीय, पटकन नजरेत येत नाही. शेजारी टॉवेलचं होलसेल दुकान आहे, ते विचारत जा. खाली छोटासा गाळा, वर अरुंद जिन्यानं गेलं की चौदा मशिनी. सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्यांना तोटा नाही, इथले शाळेचे गणवेश परराज्यात जातात. मी पाच ठिकाणी चौकशी केली. चार ठिकाणी पहिला प्रश्न आला, ‘नग किती?’ इथं मालकांनी विचारलं, ‘माणसं कोण कोण आहेत? काम काय काय करतात?’ मालकांना सगळे अण्णा म्हणतात. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, वरच्या मजल्यावर हिंदी आणि कानडी, असा त्यांचा दिवस जातो.

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर मी या माणसाच्या कामाला एवढी का मानते ते कळणार नाही.

आधीचे युनिफॉर्म बाहेरगावच्या एका पुरवठादाराकडून तयार मागवले होते. एस, एम, एल, एक्सएल, व्ही गळा. दिसायला झकास. पण पहिल्याच आठवड्यात गळ्यात जे जे होतं ते सगळं बाहेर आलं. वॉर्डातल्या मामांची तुळशीची माळ, तीन सिस्टरांची मंगळसूत्रं, एका ब्रदरचं चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, आमच्या ख्रिस्ती सिस्टरांचा क्रूस. पेशंटवर वाकलं की हे सगळं त्याच्या तोंडावर लोंबायचं. भुलीतून जागे होणाऱ्या एका आजोबांनी सिस्टरचं मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं, सोडवता सोडवता एक वाटी चेपली. ड्रेसिंगच्या वेळी माळ एकदा उघड्या जखमेला टेकता टेकता राहिली. मग मी कागद काढला : ड्यूटीवर गळ्यात काहीही नको. संध्याकाळी माळकरी मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, ‘मॅडम, माळ उतरवायची तर माझा राजीनामा घ्या. गळ्यातली माळ मेल्याशिवाय निघत नाही.’ चार दिवसांत तो कागद मी मागे घेतला. प्रश्न मात्र होता तिथंच राहिला, कारण जंतुसंसर्गाचा धोकाही खराच होता.

नियम नव्यानं लिहायला बसले तेव्हा इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या एका नर्सची हकीकत वाचली. ती कित्येक वर्षं गळ्यात क्रूस घालून नोकरी करत होती. २००७ साली तिच्या रुग्णालयात व्ही गळ्याचे नवे युनिफॉर्म आले, क्रूस बाहेर दिसायला लागला आणि वाद पेटला. प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं. १५ जानेवारी २०१३ च्या निकालात ब्रिटिश एअरवेजमधल्या एका बाईंना क्रूस घालायचा हक्क मिळाला, पण या नर्सच्या विरोधात निकाल गेला, कारण वॉर्डात सुरक्षेचा प्रश्न होता. मला निकालापेक्षा तो गळा लक्षात राहिला. तिथंही सुरुवात कापडाच्या कापण्यातूनच झाली होती. आपल्या राज्यघटनेचं २५ वं कलम सरकारला बांधतं, आमचा दवाखाना खासगी आहे. तरी धर्मस्वातंत्र्य ‘सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य’ यांच्या अधीन आहे हे त्या कलमातच लिहिलंय. आरोग्य हा शब्द तिथं आहे याचा मला आधार वाटला. पण आरोग्याचं नाव घेऊन माणसाला कसंही बोलायची मुभा त्यातून मिळत नाही, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलेय. ती चूकही लिहिते.

तीन वर्षांपूर्वी सकाळच्या हँडओव्हरला एका वॉर्डबॉयच्या मनगटावर काळा-लाल गंडा दिसला. मी अकरा जणांसमोर म्हणाले, ‘ही घाण आधी काढ.’ त्यानं ड्रेसिंग ट्रॉलीवरची कात्री उचलली, गंडा कापला, खिशात घातला आणि कामाला लागला. आई आजारी होती म्हणून त्यानं तो बांधला होता, हे मला नंतर मावशींकडून कळलं. सहा महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला. मनगटावर काही नको हा नियम बरोबर होता. तो ‘घाण’ शब्द माझा होता.

म्हणून अण्णांकडे जाताना मी तयारी करून गेले. घरी बसून एक यादी केली होती : या सिस्टर मुस्लिम, यांना स्कार्फ लागेल, हे मामा माळकरी, हे ब्रदर लिंगायत. अण्णांनी यादी वाचली, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. ‘ही राहू द्या मॅडम. ज्याला सांगायचं तो सांगंल की. आडनाव बघून शिवलं तर कपडा बसत नाही.’

माप घ्यायला ते स्वतः आले नाहीत. कटिंग मास्तर आणि अण्णांच्या घरच्या अक्का अशा दोघांना त्यांनी दवाखान्यात पाठवलं. बायकांची मापं अक्कांनी फिजिओथेरपीच्या खोलीत घेतली. दार लावून, एकावेळी एक, मी बाहेर. पुरुषांची मास्तरांनी स्टोअरमध्ये. प्रत्येकाचं पोस्टकार्डाएवढं पिवळं कार्ड. छाती, कंबर, खांदा, बाही, उंची, पँटची लांबी. आणि शेवटी एक रकाना : ‘अंगावर कायम काय असतं?’ प्रश्न सगळ्यांना तोच, शब्द तेच, आवाजही तोच. धर्म कुणाला विचारला नाही, जात विचारली नाही. सांगितलं ते लिहिलं, नाही सांगितलं तर रेघ ओढली.

माझी यादी किती चुकीची होती ते त्या कार्डांनी दाखवलं. ज्यांना स्कार्फ लागेल असं मी धरून चालले होते त्या सिस्टर म्हणाल्या, मी ड्यूटीवर बांधत नाही. आणि दुसऱ्या एक, ज्यांच्याबद्दल मला कधी शंकाही आली नव्हती, त्या दोन वर्षं घरून स्कार्फ बांधून यायच्या आणि गाडी लावतो त्या शेडमध्ये सोडून डिकीत ठेवायच्या. चालणार नाही असं त्यांनी धरूनच टाकलं होतं. मीही कधी चालेल असं म्हटलं नव्हतं. एका कर्मचाऱ्यानं हर्नियाचा पट्टा सांगितला. वर्षभर त्याच्यावर तयार पँट चढवून काचत काढलं होतं. रकाना धर्मासाठीच आहे असं कुणाला वाटलं नाही, म्हणून हे बाहेर आलं. माझ्या मते या दुकानाचं सगळ्यात मोलाचं काम त्या एका रकान्यात आहे.

आता कपड्याबद्दल. कापड टेरीकॉट, सिस्टरांना गडद निळं, मावशी-मामांना राखाडी. गळा बंद, उभ्या पट्टीचा, पुढं तीन टिचबटणं. पट्टीला आतून मऊ पॉपलीन लावलंय, त्यामुळे माळ आत राहते आणि मण्यांनी मान सोलत नाही. मंगळसूत्र आत, क्रूस आत, वाकलं तरी काही बाहेर येत नाही. इष्टलिंगासाठी आतल्या बाजूनं छातीशी एक छोटा खिसा आहे, झाकणासकट. मी खालच्या खिशाबद्दल विचारलं होतं. अण्णा लगेच नको म्हणाले, ‘ते कमरेखाली चालत नाही. छातीशीच पाहिजे.’ ब्रदरनी स्वतः हे मला सांगितलं नसतं, संकोचानं खालच्या खिशातही चालवून घेतलं असतं.

बाह्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. कोपरापासून खाली हात मोकळा हवा, ही आमची अट. दोघी सिस्टरांना पूर्ण बाही हवी होती. इंग्लंडमध्ये अशा ठिकाणी एकदा वापरून टाकायच्या बाह्या चालतात, हातमोज्यांसारख्या घालायच्या आणि हातमोज्यांबरोबर टाकायच्या. ते रोजच्या खर्चात बसणारं नव्हतं. मास्तरांनी पाऊण बाही कापली आणि आतून एक पट्टी दिली. बाही दुमडून पट्टी वर ओढायची, कोपराच्या वर बटणात अडकवायची. पेशंटजवळ जाताना वर, कॉरिडॉरमध्ये, ऑफिसात, जेवताना खाली. पहिल्या नमुन्यात बटण कोपराच्या हाडावर येत होतं. ते दीड इंच बाहेरच्या बाजूला सरकवलं. त्यासाठी मास्तर दोनदा दवाखान्यात आले, एका सिस्टरना खाटेवरची चादर बदलायला लावून हात कसा वळतो ते बघितलं, मग खडूनं खूण केली. मापाच्या टेपनं हे कळलं नसतं.

स्कार्फ युनिफॉर्मच्याच रंगाचा, पिनेशिवायचा, डोक्यावरून घालायचा. कडा गळ्याच्या पट्टीखाली जातात. टाचणी पेशंटच्या अंथरुणात पडायची भीती गेली. प्रत्येकी चार नग, रोज धुतलेला. ऑपरेशन थिएटरमध्ये डोकं आणि मान झाकणारा हूड असतोच, तिथं वेगळं काही लागलं नाही.

यातला सगळ्यात लहान नग मला सगळ्यात प्रिय आहे. उरलेल्या कापडाचे बटवे. आम्ही मागितले नव्हते, अक्कांनी आपणहून शिवले. तळहाताएवढा, वर नाडी, आत दुसऱ्या रंगाचं अस्तर आणि बाहेर नावाची पट्टी. मनगटावरचं, बोटांतलं जे काही असेल ते ड्यूटीला येताना उतरवायचं, बटव्यात घालायचं आणि लॉकरमधल्या खुंटीला अडकवायचं. बांगड्या, अंगठी, कडं, राखी, गंडा, घड्याळ. छत्तीसचे चाळीस करून पाठवले. चार डॉक्टरांसाठी. आमच्या मोठ्या साहेबांच्या बोटात पुष्कराज आहे, कित्येक वर्षांचा. पहिल्या दिवशी हँडओव्हरला त्यांनीच आधी अंगठी काढून बटव्यात टाकली आणि नाडी ओढली. त्यानंतर नियम समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली नाही.

एका सिस्टरांचं लग्न नुकतंच झालं होतं, हातभर हिरवा चुडा. आपल्याकडे बांगड्या ‘काढ’ म्हणणं किती लागतं हे बायकांना सांगायला नको. फुटली तरी आपण ‘वाढवली’ म्हणतो. अक्कांनी माप घेतानाच त्यांना सांगून ठेवलं, कासाराकडून एक माप सैल घ्या, रोज उतरवता येतील. मीही माझ्या कागदातला शब्द बदलला. ‘काढाव्यात’च्या जागी ‘उतरवून बटव्यात ठेवाव्यात’ लिहिलं. एका शब्दानं तो कागद वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर फरक पडतो, हे मी बघितलंय.

भरतकामाची गोष्ट लिहू की नको असा विचार करत होते, पण साहेबांनीच लिही म्हटलं. खिशावर सिद्धरामेश्वरांची प्रतिमा काढावी असं त्यांच्या मनात होतं. ग्रामदैवत आहे, इच्छेत वावगं काही नाही, रिसेप्शनवर मोठी तसबीर आहे आणि तिला रोज हार असतो. अण्णा स्वतः गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या, दिवसांत अनवाणी जाणारे. ते म्हणाले, ‘साहेब, काढून देतो, आनंदानं देतो. पण एक बघा. तसबीर तुमच्या भिंतीवर आहे. हे मात्र छत्तीस जणांच्या छातीवर जाणार, आणि मग धुवायला, मोरीत.’ साहेब बराच वेळ गप्प बसले. खिशावर आता फक्त दवाखान्याचं नाव, खाली त्या माणसाचं नाव आणि काम. त्याच न्यायानं युनिफॉर्मवर कुठलाच बिल्ला नाही, भगवा नाही, निळा नाही, हिरवा नाही. हे सांगताना मला जड गेलं नाही, कारण साहेबांनी आधी स्वतःचं मागे घेतलं होतं.

दुकान स्वतः कसं चालतं तेही बघण्यासारखं आहे. काउंटरवर पुठ्ठ्याची पाटी आहे : ‘शुक्रवारी १ ते २॥ काज-बटण बंद.’ काजाच्या मशिनीवरचे चाचा जुम्म्याच्या नमाजाला जातात. गिऱ्हाइकाला खोटं कारण नाही, चाचांवर उपकाराची भाषा नाही, वेळ लिहिलीय आणि काम त्याच्या अलीकडे-पलीकडे बसवलंय. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ, त्या दिवशी अख्खं दुकान बंद. ऑर्डर देतानाच पावतीवर लिहून देतात. संक्रांतीच्या आधी गड्ड्यासाठी बाराबंद्या, म्हणजे पांढरे बंदांचे अंगरखे, शिवायला येतात, तेव्हा दवाखान्याचं काम घेतच नाहीत. वर अभ्यास करणाऱ्या मुलासारखं शांत काम चालतं. टेपवर कुठल्याच देवाची गाणी नाहीत. मी विचारलं तर मास्तर म्हणाले, ज्याचं त्याच्या मोबाइलवर, कानात.

ती पाटी बघून आल्यावर मी आमच्या सुट्ट्यांची फाईल काढली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सणाच्या आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कर्मचाऱ्यांनी मिळून ठरवायच्या. आमच्याकडे त्या चार कुणी ठरवल्या होत्या? मी, एकटीनं, कॅलेंडर समोर ठेवून. यंदा पहिल्यांदा सगळ्यांना बसवून विचारलं. संक्रांत, रमजान ईद, १४ एप्रिल आणि लक्ष्मीपूजन. नारळी पौर्णिमा आणि नाताळ त्या चारात बसले नाहीत, त्या दिवशी ज्यांना हवी त्यांना बदली सुट्टी. तासभर चर्चा झाली, एकदा आवाजही चढले, पण रजेच्या अर्जावर ‘पोट दुखते’ लिहून सण करणं बंद झालं.

तक्रारीही आहेत. माल बारा दिवस उशिरा आला. नारळी पौर्णिमेची सुट्टी आधी सांगितली होती, त्याबद्दल बोलणं नाही, पण बाकीचा उशीर कापड वेळेवर न आल्याचा होता आणि तो मला फोन करून विचारल्यावर कळला. आपणहून कळवायला हवं होतं. आधीचे युनिफॉर्म विरले होते, आम्हाला ते दिवस ओढाताणीचे गेले. दुसरं, राखाडी कापडाच्या दोन लॉटमध्ये रंगाचा फरक आहे. उन्हात उभं केलं तर दोन मावशींचे कपडे वेगळे दिसतात. हे दाखवल्यावर त्यांनी मान्य केलं, दोन जोड बदलून दिले, तरी चार तसेच राहिले. तिसरं, स्कार्फचं पहिलं कापड जाड होतं. ऑक्टोबरच्या उन्हात सिस्टरांचा जीव नकोसा झाला. बदलून सुती होजिअरीचा दिला, पैसे घेतले नाहीत, पण सोलापूरचा उन्हाळा माहीत असणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती. बाहेरचा खिसा मोबाइलसाठी उथळ आहे, वाकलं की सरकतो. पुढच्या वेळी एक इंच खोल मागा.

दर सांगते. सिस्टरांचा जोड ७६०, मावशी-मामांचा ६९०, स्कार्फ १२०, बटव्याचे पैसे नाहीत. तयार मालापेक्षा जोडीमागं दीडशेच्या आसपास जास्त पडले. पक्कं बिल मिळतं. सात महिन्यांत टिचबटणं नऊ निघाली, ती लावून दिली. शिवण कुठंच उसवलेली नाही. निळा रंग थोडा उतरलाय, रोजच्या गरम धुण्याला तेवढा उतरणारच.

ऑर्डर द्यायची तर दोन महिने हातात ठेवा, आणि डिसेंबर-जानेवारीत जाऊच नका. माप घ्यायला त्यांना तुमच्या ठिकाणी बोलवा, बंद दाराची खोली आधी मोकळी करून ठेवा. तुमची यादी करून नेऊ नका.

पिवळी कार्डं दुकानातच पत्र्याच्या पेटीत असतात, ती मी मागितली तरी दिली नाहीत. मापं टाइप करून दिली, शेवटचा रकाना सोडून. गेल्या महिन्यात नव्या सिस्टर रुजू झाल्या. मी त्यांना पत्ता दिला, त्या सुट्टीच्या दिवशी एकट्याच जाऊन माप देऊन आल्या. सहाव्या दिवशी दोन जोड आले. त्यांच्या कार्डावर काय लिहिलंय ते मला माहीत नाही. गळा बसलाय, बाही कोपराच्या वर थांबते, आणि त्यांचा बटवा एकोणतिसाव्या खुंटीला आहे.